सोळा पौंडांचा गुरुवार

टर्की शनिवारी संध्याकाळीच फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जाऊन बसली होती. सोळा पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोची, गोठून दगड झालेली. चार-पाच पौंडांमागे चोवीस तास असा बर्फ सुटण्याचा हिशेब असतो, म्हणून गुरुवारच्या जेवणाची तयारी शनिवारी. कुणी विसरलंच, तर गार पाण्यात बुडवून ठेवायची, पौंडाला अर्धा तास धरून, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. सोळा पौंडांना आठ तास. ओट्यावर नुसती ठेवून चालत नाही, कारण आतला बर्फ सुटेपर्यंत वरचं मांस बिघडायला लागतं. आतलं आणि बाहेरचं यांचं वेळापत्रक जुळत नाही, ही टर्कीची अडचण इथेच सुरू होते आणि ताटात वाढेपर्यंत पाठ सोडत नाही.

ओहायोतलं हे घर माझ्या विहीणबाईंचं. थँक्सगिव्हिंगचं जेवण दरवर्षी त्यांच्याकडे असतं. मी हाताखाली राहते म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या साडीकडे बघितलं, आणि एक भलामोठा एप्रन पुढे केला. "कांदे तुम्ही चिरा. सेलरी मी बघते."

आमच्या ह्यांची मात्र पंचाईत होती. ह्यांचा गुरुवार असतो, आणि थँक्सगिव्हिंग नेमकं गुरुवारीच येतं, नोव्हेंबरच्या चौथ्या. 1941 साली अमेरिकन काँग्रेसने तसा कायदाच केलाय. त्याआधी लिंकनने 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला होता. कधी कधी त्या सुमाराला मार्गशीर्षही लागलेला असतो. मग इथल्या मराठी घरांत एकीकडे महालक्ष्मीचा घट आणि दुसरीकडे शेजाऱ्यांचं टर्कीचं आमंत्रण, अशी ओढाताण होते. आमच्याकडे तोडगा सोपा निघाला. टर्कीच्या पोटात भरायचं सारण, ज्याला इथे स्टफिंग म्हणतात, त्याचा एक भाग वेगळ्या ट्रेमध्ये भाज्यांच्या स्टॉकवर करायचा. अंडं ह्यांना चालतं.

माझं मत विचाराल तर ह्या सगळ्या जेवणात खरी खाण्यासारखी गोष्ट ते सारणच. टर्कीच्या छातीचं मांस तसं बेचव. हल्लीची टर्की रुंद छातीसाठी इतकी पोसून पैदा केलेली आहे की ह्या जातीच्या नर-माद्यांना स्वतःहून पिल्लंही होत नाहीत, सगळं कृत्रिम रेतनावर चालतं. मांस भरपूर, चरबी जेमतेम. सारा हेल नावाच्या बाईंनी लिंकनच्या कितीतरी आधीपासून ह्या सणासाठी चिकाटीने पत्रं आणि संपादकीयं लिहिली. त्यांच्या 1827 मधल्या 'नॉर्थवुड' कादंबरीत ह्या जेवणाचं वर्णन आहे. त्यात टर्की टेबलाच्या अग्रभागी मांडलेली आहे खरी, पण लेखिकेने दाद दिलीय ती सारणाच्या वासाला. बाईंना खाण्यातलं कळत होतं.

सारणाची तयारी बुधवारी. दोन पाव बोटाच्या पेरापेराएवढे चौकोनी कापून मंगळवारपासूनच ट्रेमध्ये पसरून ठेवले होते. ते आता कडकडीत वाळले होते. ताजा पाव घेतला तर रस पिण्याऐवजी त्याचा लगदा होतो. टर्कीच्या पोटातून एक मान निघाली, आणि मानेकडच्या पोकळीतून कागदी पुडीत गुंडाळलेली कलेजी, पेटा आणि काळीज. ती पुडी आत आहे हे माहीत नसेल तर माणूस कागदासकट भाजून मोकळा होतो, आणि इथे दरवर्षी कुणी ना कुणी होतोच. मान, पेटा आणि काळीज पाण्यात घालून मंद आचेवर ठेवलं. कलेजी बाजूला काढली, स्टॉक कडू होतो म्हणून.

कांदे चिरता चिरता मी विहीणबाईंना जहांगीर बादशहाची गोष्ट सांगितली. 1612 मध्ये त्याचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून पोर्तुगीजांकडच्या दुर्मिळ वस्तू घेऊन आला, त्यात टर्कीचा नर होता. मूळचा मेक्सिकोकडचा हा पक्षी स्पॅनिशांनी युरोपात नेला, आणि तिथून शंभरेक वर्षांत तो गोव्यामार्गे आग्र्याला पोचला. त्याच्या डोक्याचे आणि मानेचे रंग कसे क्षणाक्षणाला बदलतात, हे जहांगीरने आपल्या आठवणींत बारकाईने नोंदवलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. विहीणबाई सेलरी कापायच्या थांबल्या. "आणि खाल्लं नाही?" बादशहाच्या आठवणींत त्याचा उल्लेख नाही, एवढंच मी सांगू शकले.

गुरुवारी सकाळी सातला आम्ही स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर न्यूयॉर्कच्या मेसीजच्या मिरवणुकीची वाट बघत मुलं लोळत होती. माझे हात सवयीने टर्की नळाखाली धरायला गेले. आपल्याकडे कोंबडी तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय पुढचा विचार नाही. विहीणबाईंनी अडवलं. धुण्याने जंतू जात नाहीत, सिंकभर आणि ओटाभर उडतात. मारायचे ते ओव्हन मारतो. त्याऐवजी त्यांनी कागदी टॉवेलने टर्की आतूनबाहेरून टिपली. कातडी कोरडी झाली तरच ती खरपूस होणार. मग छातीवरची कातडी बोटांनी हळूच सोडवून तिच्याखाली लोणी सारलं. बोटं आत जाताना कातडीवरून त्यांची हालचाल दिसत होती. मीठ बेतानेच, कारण ह्या टर्कीत कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं होतं. पाकिटावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं.

तोवर मोठ्या कढईत लोण्यावर कांदा आणि सेलरी परतून झाली होती. त्यात काळी मिरी, थाइम आणि चुरलेलं वाळकं सेज. ह्या सेजमध्ये खरोखरच कापराचा अंश असतो. गरम लोण्यात पडल्याबरोबर जो वास सुटतो तो जरा औषधी, जरा देवघरातला; अमेरिकन माणसाला मात्र त्याच वासाने घर आठवतं. हे सगळं वाळक्या पावावर ओतून, अंडी फेटून, वर स्टॉक घालत त्या हाताने कालवत होत्या. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि सोडलं की सुटावा, इतपत ओल.

भरण्यात खरी गंमत आहे. सारण आदल्या दिवशी भरून ठेवायचं नाही. गरम असतानाच, ओव्हनमध्ये जायच्या ऐन वेळी भरायचं. पौंडाला पाऊण कप म्हणजे बारा कप, आणि तेही सैल. आपल्या भरल्या वांग्यात मसाला जितका ठासू तितकं चांगलं. इथे पाव रस पिऊन फुगतो, शिवाय ठासला तर उष्णता मध्यापर्यंत पोचतच नाही. विहीणबाई मोठ्या चमच्याने टाकत गेल्या, एकदाही दाबलं नाही. मग तंगड्या दोऱ्याने बांधल्या, पंखांची टोकं पाठीमागे मुडपली आणि जाळीवर टर्की ठेवून पॅन ओव्हनमध्ये सरकवला. पावणेदहा वाजले होते. तापमान 325 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 163 सेल्सिअस. त्याहून कमी ठेवायचं नाही, हा इथल्या कृषी खात्याचा नियम.

पुढचे साडेतीन तास टर्कीचं काम थोडंच असतं, बाकीच्यांचं फार. क्रॅनबेरी साखरेत शिजून तडतड फुटत होत्या. पण विहीणबाईंच्या नवऱ्याला डब्यातलीच जेली लागते, डब्याच्या वळ्या अंगावर उमटलेली, म्हणून तीही बशीत उभी राहिली. फरसबीचं कॅसरोल झालं, मशरूमच्या डबाबंद सूपमधलं आणि वर तळलेला कांदा पसरलेलं. कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली ह्या बाईंनी 1955 मध्ये ते शोधून काढलं आणि तेव्हापासून ह्या टेबलावरून ते हललेलं नाही. त्याबद्दल मी गप्प राहते.

जावई अधूनमधून येऊन ओव्हनचं दार उघडायचा आणि पॅनमधला रस टर्कीवर सोडून जायचा. त्याने मांस रसाळ होतं असा त्याचा विश्वास. रस कातडीत मुरत नाही, ओघळून खाली जातो, आणि दार उघडल्याने ओव्हन मात्र गार होतो. तिसऱ्यांदा आला तेव्हा आईने त्याच्या हातातला रबरी फुगा काढून घेतला.

सव्वा वाजता पहिली तपासणी. छातीत कारखान्यानेच टोचून दिलेली प्लॅस्टिकची खुंटी असते; तिच्यात कमी तापमानाला वितळणारा धातू, तो वितळला की स्प्रिंग सुटते आणि खुंटी टुपकन वर येते. विहीणबाईंचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. ती वर येईपर्यंत छाती कोरडी झालेली असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी डिजिटल थर्मामीटर काढला. मांडीत हाडाला न टेकवता खुपसला, मग छातीच्या जाड भागात, आणि शेवटी सारणाच्या बरोबर मध्यात. अजून सगळं मागे होतं. छाती जास्त लाल होऊ नये म्हणून तिच्यावर फॉइल घातला.

दोन वाजता मात्र खरा पेच आला. मांडी 176, छाती 163, सारण 148.

आकडे कळले की टर्कीचं सगळं दुखणं कळतं. मांडीचं मांस राबतं, त्यात चिवट तंतू जास्त. ते 175च्या आसपास विरघळून मऊ होतात. छातीला इतकं सोसत नाही, 165 झालं की बास. सारण सगळ्यात मध्ये, पावाचं, उष्णता हळूहळू आत घेणारं. पण त्यात कच्च्या टर्कीचा रस ठिबकलेला असतो, म्हणून त्यालाही 165, म्हणजे 74 सेल्सिअस, गाठावंच लागतं. त्याशिवाय साल्मोनेलाची धास्ती जात नाही. जो रस त्याला चव देतो तोच त्याचा धोका. सारण होईपर्यंत थांबावं तर छातीचा भुसा, आत्ता काढावं तर पोट बिघडायची भीती.

लेक हळूच म्हणाली, "म्हणून मी म्हणते, सगळं बाहेरच भाजा." तिचं शास्त्र बरोबर होतं. इथले आहारतज्ज्ञही तेच सांगतात. विहीणबाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, दोन मिनिटं फॉइल काढून ठेवला, छाती 165 झाली तशी टर्की बाहेर घेतली आणि लांब चमच्याने सगळं सारण वाफेसकट उपसून लोणी लावलेल्या ट्रेमध्ये काढलं. ओव्हन 400वर. ट्रे आत. "तिला अर्धा तास तसंही स्वस्थ पडू द्यायचंय. तेवढ्यात हे होतं." टर्की विश्रांती घेते, तिचे रस मांसात स्थिरावतात, आणि तोवर सारण पुन्हा भाजतं. पंधरा मिनिटांनी त्यांनी ट्रेच्या मधोमध थर्मामीटर खुपसला: 171. वरचे तुकडे कुरकुरीत, खालचे रसाने जड. मला तरी ह्यात तडजोड दिसली नाही, सुधारणाच दिसली.

पॅनच्या तळाशी जे तपकिरी चिकटलेलं होतं त्याची ग्रेव्ही झाली. वरची चरबी गाळून थोडी ठेवली, तीत मैदा परतला, मग मानेचा स्टॉक थोडा थोडा घालत सतत ढवळणं. हे काम माझ्याकडे होतं. एकही गुठळी झाली नाही, हे नमूद करते.

नॉर्मन रॉकवेलच्या 1943च्या प्रसिद्ध चित्रात आजी आख्खी टर्की टेबलावर ठेवतेय आणि आजोबा मागे उभे आहेत. इथेही ती टेबलावर गेली, पण फोटोपुरती. मग परत ओट्यावर. तंगड्या सांध्यातून मोडल्या, मांड्या सुटल्या, छातीचे दोन्ही भाग हाडापासून आख्खे काढले आणि आडवे, धाग्याच्या विरुद्ध कापले. जेवायला बसल्यावर कुणी उभे काप घेत बसलं की मांस तुटतं आणि निम्मी कातडी खाली पडते. प्रत्येक कापाला कातडीची कड मिळावी, ही त्या कापणीतली सगळी करामत.

तीन वाजता चौदा माणसं बसली. आधी संपलं ते टर्कीच्या पोटातलं सारण. दुसऱ्यांदा कुणाला पुरलं नाही. ह्यांचा शाकाहारी ट्रे चांगला होता, पण त्यात ती खोली नव्हती, आणि ह्यांनीही ते ओळखलं. शेवटी लोणच्याच्या फोडीवर गाडी मार्गी लागली. छातीचं मांस मात्र दीड किलो तरी उरलं, दर घरी उरतं तसं. दोन तासांच्या आत ते हाडांवरून सोडवून फ्रीजमध्ये गेलं. सांगाडा रात्रीच मोठ्या पातेल्यात चढला.

शुक्रवारी ह्यांचा वार नव्हता. सकाळी मी कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटण केलं, घरून आणलेला मसाला घातला आणि छातीचे तुकडे शेवटी, नुसते गरम होण्यापुरते, त्यात सोडले; पुन्हा शिजवले असते तर दोरे झाले असते. पातळ रस्सा, भात. विहीणबाईंनी दोनदा घेतला. नंतर त्यांनी सारणाचा ट्रे पुढे ओढला, तळाला चिकटलेला शेवटचा थर चमच्याने खरवडला आणि रश्श्यात बुडवून खाल्ला. जावयाला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वीस पौंडांची आण. पोट मोठं असतं."