एक्सपीवरच उघडणारी मराठी पानं

नवा लॅपटॉप आणायचा, त्यातली नवीकोरी विंडोज पुसायची आणि तिच्या जागी विंडोज ७ किंवा थेट एक्सपी टाकायची. अक्षरजुळणी करणाऱ्यांना यात वेगळं काही वाटत नाही. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली जुनी पुस्तकं त्यांच्याकडे असतात आणि नवी आवृत्ती काढायची तर ती उघडावी लागतात. नव्या विंडोजवर कुठे पेजमेकर इन्स्टॉलच होत नाही, कुठे प्रिंटर जुळत नाही, कुठे फॉन्टचं डाँगल, म्हणजे परवाना तपासणारं जोडउपकरण, ओळखलं जात नाही.

यातली चकित करणारी गोष्ट अशी, की त्या फाइलीत काहीही बिघडलेलं नसतं. पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती २००१ साली आली. संगणकावर बसवलेल्या तिच्या प्रतीतला एकही बिट आपोआप बदललेला नाही. सॉफ्टवेअर गंजत नाही, झिजत नाही. मग ते चालेनासं का होतं?

कारण कोणताही प्रोग्राम स्वतः फार थोडं करतो. पडद्यावर चौकट काढ, डिस्कवरून फाइल आण, हे अक्षर या आकारात दाखव, हे पान प्रिंटरकडे धाड, अशी कामं तो क्षणोक्षणी ऑपरेटिंग सिस्टमवर सोपवत असतो. त्याचं अर्धं अंग बाहेर असतं. शिवाय, कुठेही लिहून न ठेवलेल्या सवयींवरही तो विसंबतो.

‘सिमसिटी’ या जुन्या खेळाची हकीकत मला फार आवडते. वापरून परत केलेली मेमरी तो खेळ पुन्हा वाचायचा. ही चूकच होती, पण जुन्या विंडोजवर ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण परत केलेली जागा तिथे लगेच दुसऱ्या कुणाला दिली जात नसे. विंडोज ९५मध्ये ती दिली जाऊ लागली आणि खेळ कोसळू लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी खुद्द विंडोजमध्ये सोय केली: सिमसिटी चालू आहे असं दिसलं, की परत केलेली मेमरी लगेच मोकळी करायची नाही. एका खेळातली चूक सांभाळण्यासाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टम आपली वागणूक बदलते!

आवृत्तीच्या आकड्याचंही तसंच झालं. ‘विंडोज निदान ३.१० हवी’ हे तपासताना कित्येक प्रोग्राम दोन्ही आकडे वेगवेगळे पाहायचे. विंडोज ९५ची ४.० ही आवृत्ती समोर आली, की चार तीनपेक्षा मोठा म्हणून ठीक. पण शून्य दहापेक्षा लहान, म्हणून नापास. त्यामुळे विंडोज ९५ जुन्या प्रोग्रामांना आपली आवृत्ती ३.९५ सांगायची. आज आपण राइट क्लिक करून ‘कंपॅटिबिलिटी’ निवडतो, तेव्हा बरंचसं हेच घडतं. विंडोज त्या प्रोग्रामपुरती जुनं नाव सांगते, जुन्या रीतीने वागते.

ही माया काही ठिकाणी मात्र संपते. बटण दाबल्यावर इंटेलचा प्रोसेसर आजही १९७८ सालच्या ८०८६ सारखा, १६ बिटांच्या रीतीत जागा होतो. पण ६४ बिटांच्या रीतीत शिरल्यावर डॉसचे प्रोग्राम चालवण्याची जुनी सोय त्याच्याजवळ उरत नाही. म्हणून ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम सुरूच होत नाहीत. डाँगलचे ड्रायव्हर तर ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात बसतात. तो गाभा बदलला, की ते निरुपयोगी होतात.

मराठीच्या बाबतीत गुंता आणखी खोल आहे. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, कधीच कळलं नाही. त्याच्या काळातल्या फॉन्टांत मोजून २५६ घरं असायची, आणि त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असायचे. कृतिदेव फॉन्टमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द घ्या. फाइलीत त्या जागी ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. समोर मराठी आहे याची संगणकाला गंधवार्ताही नसते! श्रीलिपीसारख्या दुसऱ्या फॉन्टांची मांडणी आणखी निराळी. म्हणजे मजकूर एकट्या फाइलीत नव्हताच. फाइल, फॉन्ट, पेजमेकर आणि खालची विंडोज मिळून तो मराठी होत असे.

देवनागरीची खरी समज विंडोजला २००० साली आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशी यांनी, एका मराठी कवी-सुलेखनकाराने, घडवला. आज जगभरच्या कितीतरी संगणकांवर तो आहे, आणि मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता प्रत्यक्ष मागे जाण्याबद्दल. नव्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून विंडोज ७ टाकायला घेतली, तर एक विलक्षण प्रकार घडतो. इन्स्टॉलर सुरू होतो आणि थोड्याच वेळात ड्रायव्हर मागतो, कारण ज्या पेन ड्राइव्हवरून तो आला तोच त्याला दिसेनासा होतो. सुरुवातीला डिस्क वाचण्याचं काम लॅपटॉपचं फर्मवेअर करत असतं. मग विंडोज ताबा घेते आणि २००९ सालच्या त्या विंडोजला यूएसबी ३ ठाऊकच नसतं. हा ड्रायव्हर आधीच इन्स्टॉलरमध्ये मिसळून ठेवावा लागतो. एक्सपीला तर आजच्या डिस्कसुद्धा ओळखता येत नाहीत. विंडोजच्या प्रो परवान्यात एखाद्या जुन्या आवृत्तीवर जाण्याची मुभा बहुधा असते. पण परवाना मिळाला म्हणून ड्रायव्हर मिळत नाहीत.

त्यापेक्षा मला व्हर्च्युअल मशीनचा मार्ग सरस वाटतो. नवी विंडोज तशीच ठेवायची आणि तिच्या आत, सॉफ्टवेअरनेच उभारलेल्या संगणकावर एक्सपी टाकायची. तिला ओळखीची डिस्क दिसते, ओळखीचं ग्राफिक्स कार्ड दिसतं. हा सगळा संगणक प्रत्यक्षात मोजक्या फाइलींत मावतो आणि त्याची प्रत काढून ठेवता येते. इंटरनेट मात्र तोडून ठेवायचं. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ला थांबली. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. त्या भरवशावर राहू नये.

आणि पान एकदा उघडलं, की मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा. हे काम कन्व्हर्टर करतो, पण त्याला अक्षरं बदलून भागत नाही, ती हलवावीही लागतात. जुन्या फाइलीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘धर्म’मधला रफार जुन्या फाइलीत ‘म’च्या नंतर असतो, तो उचलून ‘म’च्या आधी ‘र्’ म्हणून ठेवावा लागतो. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले, की कन्व्हर्टर हमखास अडखळतो. तिथे मुद्रितशोधकाला एकेक ओळ जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावी लागते.