उडत्या विमानाची भीती, उभ्या विमानाचा धोका

टाळेबंदीचे दोन महिने जमिनीवर खिळलेली देशांतर्गत विमानं 25 मे 2020 ला पुन्हा उडू लागली, तेव्हा महाराष्ट्र सरकारनं मुंबई विमानतळाला दिवसाला फक्त 25 उड्डाणं आणि 25 आगमनं यांची मुभा दिली होती. त्या दिवसांतला प्रवासी आठवून पाहा. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची फेस शील्ड, हातात सॅनिटायझरची पुडी, आणि मधल्या सीटवर बसायची वेळ आलीच तर अंगात पातळ झगा. एवढा जामानिमा कशासाठी, असं विचारलं असतं तर बहुतेकांनी केबिनमधल्या कोंदट हवेकडे बोट दाखवलं असतं.

मुळात दोन वेगळ्या प्रश्नांची तेव्हा सरमिसळ झाली, आणि अजूनही होते. विमानात बसलो तर मला लागण होईल का, हा एक प्रश्न. विमानामुळे रोग एका देशातून दुसऱ्या देशात पोचतो का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर निःसंशय 'हो' आहे. 9 मार्च 2020 ला महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण पुण्यात सापडले, ते दुबईहून परतलेले होते. पण रोग विमानानं आला म्हणजे तो विमानातच लागला, असं होत नाही. माणूस बहुधा आजार घेऊनच विमानात चढतो.

"बंद केबिनमध्ये तीच ती हवा फिरत राहते"

मोठ्या प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये तासाला साधारण 20 ते 30 वेळा हवा बदलते, म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी. यातली सुमारे निम्मी हवा थेट बाहेरची असते. बहुतेक विमानांत ती इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतात. दाबली गेल्यामुळे ती भयंकर तापलेली असते, म्हणून थंड करून आत सोडतात. उरलेली निम्मी केबिनमधलीच असते, पण ती हेपा गाळण्यांमधून जाऊन परत येते. शस्त्रक्रियागृहात वापरतात त्याच जातीच्या या गाळण्या.

हवेची दिशाही महत्त्वाची. ती छताजवळून आत येते आणि त्याच ओळीच्या आसपास, पायांजवळच्या जाळ्यांतून बाहेर जाते. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत वारा वाहत जावा, तसं तिथे घडत नाही. डोक्यावरची झोताची गोल तोटी अनेकांनी साथीत 'विषाणू अंगावर नको' म्हणून बंद केली. ती चालू ठेवणं शहाणपणाचं होतं, कारण त्या झोतानं तोंडासमोरची हवा लवकर हलते. घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. त्या बंद खोलीत पाहुण्यांसोबत दोन तास गप्पा मारणाऱ्यांनी विमानाला नावं ठेवावीत, ही गंमतच.

हेपाबद्दल एक शंका मात्र विचार करणाऱ्या माणसाला येतेच. ही गाळणी 0.3 मायक्रॉनचे किमान 99.97 टक्के कण अडवते असं सांगतात; करोनाचा विषाणू तर 0.1 मायक्रॉनच्या आसपास. मग तो निसटणार नाही का? ही काही चहाची गाळणी नव्हे, की भोकापेक्षा बारीक ते सगळं खाली पडावं. तंतूंच्या जाड थरातून हवा वाट काढत जाते. मोठे कण वळणावर तंतूंना आदळून अडकतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि तेही तंतूंना चिकटतात. दोन्हींच्या मधल्या, 0.3 मायक्रॉनच्या आसपासच्या कणांना पकडणं सर्वांत अवघड, म्हणून परीक्षा त्यांच्यावर घेतात. त्याहून लहान कण उलट अधिक सहज सापडतात. शिवाय विषाणू सहसा एकटा फिरत नाही. तो श्वासातल्या थेंबांवर बसून येतो. एक खरं, की पंख्याच्या काही लहान विमानांत हेपा नसते.

"मग विमानात लागण होतच नाही"

हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि तो पसरवण्यात विमान उद्योगाचा हात होता. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा हिनं ऑक्टोबर 2020 मध्ये सांगितलं, की वर्षभरात 120 कोटी प्रवाशांनी प्रवास केला आणि विमानात लागण झाल्याच्या फक्त 44 घटना नोंदल्या गेल्या. आकडे खरे, गणित फसवं. ज्या अभ्यासाचा आधार यासाठी घेतला होता, त्याचे एक लेखक डॉ. डेव्हिड फ्रीडमन यांनीच या मांडणीवर आक्षेप घेतला. 44 हे सापडलेले आणि प्रसिद्ध झालेले रुग्ण होते. 120 कोटींची तपासणी कुणी केलीच नव्हती. त्याच सुमाराला अमेरिकी लष्करानं बोइंग 777 आणि 767 मध्ये 300 हून अधिक चाचण्या घेऊन शेजाऱ्यापर्यंत पोचणारे कण सरासरी 99.7 टक्क्यांनी घटतात असं दाखवलं. पण त्यात खोकणारा होता पुतळा. पुतळा समोर बघत स्थिर बसतो. तो जेवत नाही, उठून मागच्या रांगेतल्या मेव्हण्याशी गप्पा मारत नाही.

खऱ्या माणसांच्या नोंदी वेगळं सांगतात. मार्च 2020 च्या सुरुवातीला लंडनहून हॅनोईला गेलेल्या विमानात बिझनेस क्लासमधल्या एका आजारी प्रवाशापासून 15 जणांना लागण झाली, त्यातले 12 त्याच बिझनेस क्लासमधले. प्रवास दहा तासांचा, आणि मास्कची सक्ती तेव्हा नव्हती. ऐसपैस महागड्या सीटनं कुणाला वाचवलं नाही. 'पुढच्या-मागच्या दोन रांगाच धोक्याच्या' हा ठोकताळाही फार विश्वासाचा नाही. मार्च 2003 मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँग-बीजिंग विमानात 22 जणांना लागण झाल्याचा अंदाज आहे. त्यातले काही रुग्णाच्या बरेच पुढे, सात रांगांपर्यंत बसलेले होते.

सर्वांत बोलकी घटना मात्र करोनाच्या कितीतरी आधीची, 1977 मधली. अलास्कात 54 जणांना घेऊन निघालेलं जेट विमान इंजिन बिघडल्यामुळे तीन तास धावपट्टीच्या परिसरात अडकून पडलं. त्या वेळात वायुवीजन बंद होतं. एका प्रवाशाला फ्लू झालेला होता. पुढच्या 72 तासांत 72 टक्के प्रवासी तापानं आणि खोकल्यानं आजारी पडले, आणि जो जितका वेळ त्या उभ्या विमानात बसला, तितका त्याचा धोका जास्त निघाला.

सप्टेंबर 2020 च्या अखेरीस दुबईहून क्वालालंपूरमार्गे ऑकलंडला गेलेल्या विमानाची न्यूझीलंडच्या संशोधकांनी जनुकीय क्रमवारीसह छाननी केली. किमान चौघांना विमानातच लागण झाली होती. क्वालालंपूरला इंधन भरताना हवा खेळती ठेवणारं शेपटीतलं लहान इंजिन सुमारे अर्धा तास बंद होतं, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. लागण नेमकी त्याच अर्ध्या तासात झाली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण अलास्का आणि ऑकलंड शेजारी ठेवले, की कुठे जपायचं ते कळतं. केबिनची हवा स्वच्छ असते ती यंत्रणा चालू असते म्हणून. ती बंद पडली की विमान ही दाटीवाटीनं भरलेली अरुंद खोली उरते.

म्हणून चढण्या-उतरण्याच्या वेळा जास्त वाईट. विमानापर्यंत नेणारी खचाखच भरलेली बस, एरोब्रिजमधली रेटारेटी, आणि चाकं टेकल्याबरोबर उभं राहून वरच्या कप्प्यातली बॅग ओढण्याची आपली राष्ट्रीय घाई. दार उघडायला अजून दहा मिनिटं असतात, आणि दीडशे माणसं एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत ताटकळत राहतात.

"मधली सीट रिकामी ठेवली की झालं"

हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एका वैमानिकानं याचिका केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत मुंबईत आलं, आणि जून 2020 मध्ये तज्ज्ञ समितीचं मत बघून उच्च न्यायालयानं मधल्या सीटवर प्रवासी बसवायला परवानगी दिली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं म्हणणं होतं: शक्यतो सीट रिकामी ठेवा, नाहीच जमलं तर तिथल्या प्रवाशाला झगा द्या. रिकाम्या सीटमुळे थोडा फायदा होतो, हे खरं. अंतर वाढतं, माणसंही कमी होतात. झग्याचा उपयोग मात्र मला कधीच कळला नाही. हवेतून पसरणारा रोग शर्टाच्या बाहीतून आत शिरत नाही. फेस शील्डचंही तेच. ती शिंतोडे अडवते, पण तिच्या कडांखालून हवा बिनदिक्कत आत येते. नाकावर घट्ट बसणारा एन 95 मास्क या दोन्हींपेक्षा कितीतरी मोलाचा, आणि तोच जेवणाचा ट्रे आला की हनुवटीवर उतरायचा. पहिले तीन महिने देशांतर्गत विमानांत खाणं बंद ठेवलं, तो निर्णय लोकांना जाचक वाटला तरी शास्त्राला धरून होता.

"ताप तपासला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे काळजी नाही"

कपाळासमोर धरलेली ती थर्मल गन दिलासा देते, त्यापलीकडे फारसं काही करत नाही. सार्सच्या वेळी कॅनडानं 2003 मध्ये विमानतळांवर सुमारे 65 लाख तपासण्या केल्या, 9,100 जणांना पुढच्या चाचणीसाठी बाजूला काढलं, आणि त्यात सार्सचा रुग्ण एकही निघाला नाही. करोना तर लक्षणं दिसण्याच्या आधीच पसरायचा, आणि गोळी घेऊन ताप उतरवलेला माणूस कुठल्या यंत्राला सापडणार?

प्रयोगशाळेच्या चाचणीचंही वय होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये महाराष्ट्रानं दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना आरटीपीसीआर सक्तीची केली. विमानानं येणाऱ्याला 72 तासांच्या आतली, रेल्वेनं येणाऱ्याला 96 तासांच्या आतली. तीन दिवसांपूर्वी निगेटिव्ह असलेला माणूस आज पॉझिटिव्ह असू शकतो. एप्रिल 2021 मध्ये दिल्लीहून हाँगकाँगला गेलेल्या एकाच विमानातले पन्नासच्या आसपास प्रवासी पुढे विलगीकरणात बाधित निघाले. निघताना प्रत्येकाच्या हातात निगेटिव्ह दाखला होता. दाखले खोटे होते असं धरायचं कारण नाही. चाचणी आणि प्रवास यांच्या मधल्या दिवसांची हमी मात्र कुठलाच दाखला देत नाही.

"विमानं थांबवली की साथ थांबते"

ओमायक्रॉनचं पाहा. दक्षिण आफ्रिकेनं 24 नोव्हेंबर 2021 ला नव्या प्रकाराची माहिती दिली, आणि दोन-तीन दिवसांत अनेक देशांनी तिथली विमानं बंद केली. नंतर कळलं, की नेदरलँड्समध्ये 19 नोव्हेंबरच्याच नमुन्यात ओमायक्रॉन होता. भारतात 2 डिसेंबरला पहिले दोन रुग्ण कर्नाटकात जाहीर झाले, त्यातल्या एकानं परदेशप्रवास केलेलाच नव्हता. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्या देशाला शिक्षा झाली, विषाणू आपल्या गतीनं पुढे गेला. मात्र सीमाबंदी अगदीच निरुपयोगी, असंही नाही. न्यूझीलंडनं मार्च 2020 मध्ये सीमा बंद केल्या आणि परतणाऱ्या नागरिकांना सक्तीनं 14 दिवस विलगीकरणात ठेवलं, तेव्हा तिथे साथ खरोखर रोखली गेली. सगळीकडून बंदी आणि सोबत कडक विलगीकरण असेल तर ती चालते. निवडक देशांवरची उशिराची बंदी फार तर तयारीला थोडे दिवस मिळवून देते.

"साथीत विमान म्हणजे श्रीमंतांची चैन"

हे मात्र पुणेकरांनी तरी म्हणू नये. 12 जानेवारी 2021 ला सीरम इन्स्टिट्यूटमधून निघालेले कोव्हिशील्डचे 56.5 लाख डोस त्याच दिवशी 9 विमानांनी पुण्याहून 13 शहरांत पोचवायचे होते. 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागणारी ती लस चार दिवसांनी, 16 जानेवारीला, देशभर टोचायला सुरुवात झाली.

प्राणवायूच्या टंचाईत 'ऑक्सिजन विमानानं का आणत नाही' असा संतप्त प्रश्न सगळीकडे विचारला जात होता. आणला जात होता, पण अर्ध्या वाटेपुरता. द्रवरूप ऑक्सिजननं भरलेला टँकर विमानात नेणं धोक्याचं, म्हणून एप्रिल 2021 मध्ये हवाई दलाची सी-17 विमानं रिकामे टँकर भरण्याच्या ठिकाणी नेऊन सोडत. पुण्याहून जामनगरलाही त्यांनी ते पोचवले. भरलेले टँकर रेल्वेनं किंवा रस्त्यानं परत येत. एका बाजूचा वेळ वाचला तरी तेव्हा तो लाखमोलाचा होता.

जगाच्या हवाई मालापैकी साधारण निम्मा माल प्रवासी विमानांच्याच पोटातून जातो, हेही विसरायला नको. प्रवासी थांबले तशी ती जागाही गेली, आणि कंपन्यांनी सीटांवर औषधांची खोकी बांधून विमानं उडवली. 2020 च्या अखेरीस जगभरात सुमारे 4 लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते, कारण त्यांना घरी नेणारी विमानंच नव्हती. कोकणात आणि गोव्यात अशी वाट पाहणारी घरं कमी नव्हती. 7 मे 2020 पासून 'वंदे भारत' मोहिमेची विमानं परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणू लागली. त्यातल्या एकाही प्रवाशाला चैनीची सवड नव्हती.

पुढची साथ कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही, पण आली की हेच सगळे समज पुन्हा डोकं वर काढतील. तेव्हा शक्य असेल तर खिडकीची सीट घ्या, तिच्याजवळून लोकांची ये-जा कमी असते. डोक्यावरचा झोत चालू ठेवा. घट्ट मास्क रांगेत उभे राहाल तेव्हाच चढवा आणि बाहेर पडेपर्यंत काढू नका. शेजारी जेवत असेल तर आपण थांबून नंतर जेवा. विमान उभं असताना हवा बंद झाल्यासारखी वाटली तर केबिन क्रूला निःसंकोच विचारा. ताप-खोकला असेल तर प्रवासच पुढे ढकला. अर्थात तिकिटाचे पैसे बुडणार हे दिसत असताना किती जण ते करतील? टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानांचे पैसे परत मिळवण्यासाठीही प्रवाशांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं. डॉक्टरचा कागद दाखवणाऱ्या आजारी प्रवाशाला तारीख फुकट बदलून देण्याचं बंधन कंपन्यांवर घाला. झगा आणि फेस शील्ड वाटण्यापेक्षा त्यानं जास्त लागणी टळतील.