पेट्रोलची पखाल

पायपर सुपर कब या दोन आसनी विमानाच्या पंखांतल्या दोन टाक्यांत मिळून 36 गॅलन, म्हणजे 136 लिटर पेट्रोल मावतं. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन तासाला तीस-बत्तीस लिटर पितं आणि विमान ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे चार-सव्वाचार तासांची सोय. पण अलास्कात जिथे जायचं असतं तिथे पेट्रोल पंप नसतो. परतीचं पेट्रोलही त्यातच बसवायचं, वर अर्धा-पाऊण तासाचं शिलकीत ठेवायचं. हाती उरतो जेमतेम अडीचशे किलोमीटरचा पल्ला, आणि राज्य आहे महाराष्ट्राच्या साडेपाच पट. बहुतेक गावांना रस्ता नाही. राजधानी जूनोलासुद्धा गाडीने पोचता येत नाही.

पेट्रोल बरोबर न्यायची गरज तिथल्या विमानांइतकीच जुनी. 1927 साली वैमानिक कार्ल बेन आयेलसन आणि ध्रुवप्रदेशांचा संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स उत्तर ध्रुवसागरावर निघाले, पेट्रोल संपलं आणि अंधारात समुद्रावरच्या बर्फावर उतरावं लागलं. विमान तिथेच सोडून दोघे कित्येक दिवस चालत किनाऱ्याला लागले. पुढच्याच वर्षी हीच जोडी वाढीव टाक्या भरून अलास्कातल्या बॅरोहून निघाली आणि वीस तासांहून जास्त उडून स्पिट्सबर्गन बेटावर उतरली.

पुढची कित्येक वर्षं इंधन पाच-पाच गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून गेलं. लाकडी खोक्यात दोन डबे. ‘ब्लाझो’ या स्टोव्हच्या इंधनाची खोकी तर इतकी पसरली, की झोपड्यांमधली फडताळं आणि बसायची बैठकं त्यांचीच असत. डबा भक्कम, पण रिकामा झाला तरी भरल्याइतकीच जागा अडवतो. शिवाय आत पेट्रोलच्या वर थोडी हवा असतेच. दहा हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर येतो, आतली हवा फुगते, डब्याचं पोट पुढे येतं आणि झाकण सैल असेल तर वास थेट केबिनमध्ये. पिंपाची गोष्टच नको. 55 गॅलनच्या पिंपात नुसतं पेट्रोलच दीडशे किलो भरतं.

म्हणून पिशवी. पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं नायलॉन, शिवणीऐवजी तापवून चिकटवलेले सांधे, एक तोंड, एक नळी. आपल्याकडे रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहणारी पखाल, तिचीच ही जात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या टाक्यांना रबराची अस्तरं आली. पुढे अमेरिकी सैन्याने पाचशे गॅलनचे रबरी पिंप जमिनीवरून लोळवत नेले. छोट्या विमानातली पिशवी ही त्या घराण्यातली धाकटी.

तिची खुबी म्हणजे तिच्यात रिकामी जागाच राहत नाही. पेट्रोल उपसलं की पिशवी बसत जाते, त्यामुळे वर वाफ साठायला पोकळी नाही. मात्र ही खुबी भरणाऱ्याच्या हातात आहे. भरून झालं की तोंड वर धरून, तळहाताने दाबत दाबत आतली हवा पार काढायची आणि मगच झाकण आवळायचं. काठोकाठ भरायचीही नाही: दहा अंशांनी तापमान वाढलं तर शंभर लिटर पेट्रोल लिटरभर फुगतं. गार पहाटे तट्ट भरलेली पिशवी दुपारी काचेमागच्या उन्हात ढोलासारखी होते.

खरं भय आहे ठिणगीचं. पेट्रोल नळीतून वाहताना, आणि गाळणीतून तर जास्तच, त्यात स्थिर वीज जमते. प्लास्टिक किंवा लेपाचं कापड ती जमिनीत जाऊ देत नाही आणि थंडीतली कोरडी हवा भर घालते. म्हणून पिशवी विमानात ठेवून भरायची नाही, जमिनीवर ठेवायची. पिशवीतून विमानाच्या टाकीत चढवताना विमान आणि पंप तारेने जोडूनच झाकण उघडायचं. धार सावकाश सोडायची. हे कोणी पाळलं नाही आणि भडका उडाला, की लोक पिशवीला नावं ठेवतात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

वजनाचंही तेच. विमानाचं पेट्रोल लिटरला सुमारे 0.72 किलो. 76 लिटरची पिशवी म्हणजे 55 किलो, आणि सुपर कबच्या मागच्या सामानकप्प्याची मूळ मर्यादा 50 पौंड, म्हणजे 23 किलो. तिथे ती कोंबली तर शेपूट जड होते आणि संथ वेगात विमान हाताबाहेर जातं. पिशवीची जागा मागच्या सीटवर, पट्ट्यांनी जखडून. मग प्रवासी घरी. अंगाला अंग लावून बसवायची वस्तूही नव्हे ती.

76 हा आकडा उगाच घेतला नाही. अमेरिकेच्या धोकादायक मालाच्या नियमांत अलास्का आणि तशा दुर्गम भागांसाठी वेगळं कलम आहे. विमानाशिवाय इंधन पोचवायची सोयच नसेल, तर छोट्या विमानातून 20 गॅलनपर्यंत नेता येतं. प्रवाशांना आधी सांगायचं, हवा खेळती ठेवायची, सिगरेट बंद. पण भांड्यांच्या यादीत मान धातूच्या डब्यांना आणि विमानाला पक्क्या बसवलेल्या टाकीला. उडता उडता पिशवीतून इंजिनाला पेट्रोल पाजायचं तर त्या जोडणीला रीतसर मंजुरी हवी. म्हणून बहुतेक जण नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर उतरतात आणि हातपंपाने पंखातल्या टाकीत चढवतात. मला हा कंटाळवाणा मार्गच शहाणपणाचा वाटतो.

गंमत म्हणजे ज्या टाकीत ते चढवायचं तीही अनेकदा पिशवीच असते. जुन्या सेस्ना 182 आणि 206 या विमानांच्या पंखांत रबरी पिशव्याच बसवलेल्या. त्यांच्या तळाला सुरकुती पडली, की झाकणातून झिरपलेलं पावसाचं पाणी तिच्यामागे अडकतं, निचऱ्याच्या तोटीपर्यंत येतच नाही. उड्डाणाला नाक वर झालं की निसटतं आणि इंजिन खोकायला लागतं. अशा अपघातांनंतर 1984 मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने सुरकुत्या तपासण्याचा आदेश काढला. तेव्हापासून शेपूट खाली दाबून पंख हलवायचे आणि मग तोटीखाली पारदर्शक पेला धरायचा, अशी रीत पडली. विमानाचं पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं; पाणी असेल तर त्याखाली बिनरंगी थर दिसतो. नदीकाठी पिशवीतून ओततानाही जुने वैमानिक फनेलवर मऊ चामड्याचा तुकडा ताणतात. पेट्रोलने एकदा भिजलं की ते चामडं पाण्याला वाट देत नाही.