मशीन क्षयरोग ओळखतं म्हणजे नेमकं काय करतं?



‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आरोग्यसेवा’ असा निबंध दिला की एक वाक्य वहीत हमखास सापडतं : "आता डॉक्टरांची गरजच उरणार नाही." ते नुसतं खोडू नका. मुलांना आपल्याच देशातलं एक खरं उदाहरण सांगा. क्षयरोगाचं.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आणि अनेकांना खोकला, ताप असं काही जाणवतच नाही. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात जे रुग्ण सापडले, त्यांतले 42 टक्क्यांहून जास्त केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटलेच असते. म्हणजे एक्स-रे हवाच. पण तो वाचणार कोण? तज्ज्ञ शहरात, रुग्ण वाडीवस्तीवर!

इथे एआय उपयोगी पडतं. तज्ज्ञांनी तपासलेले हजारो जुने एक्स-रे संगणकाला दाखवून त्याला शिकवलेलं असतं. नवा एक्स-रे आला की तो त्याला गुण देतो. गुण जास्त, तर संशय जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ही पद्धत 15 वर्षं व त्यापुढच्या व्यक्तींसाठी सुचवली. पालकांनी हे वय लक्षात ठेवावं, कारण लहान मुलांचा क्षयरोग एक्स-रेवरून ओळखणं मुळातच कठीण असतं. आपल्याकडे डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 100 दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं एआयच्या जोडीने वापरली गेली.

पण मशीन निदान करत नाही, चाळणी लावतं. पक्कं निदान थुंकीच्या तपासणीनेच होतं. त्यासाठी गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र अनेक ठिकाणी वापरतात. निदान झाल्यावर साधारण सहा महिने गोळ्या. सकस खाण्यासाठी सरकार महिन्याला 500 रुपये द्यायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. आणि रुग्ण गोळ्या घेतोय ना, हे बघायला दारात येतात त्या आपल्या आशाताई. प्रयोगशाळेतलं साहित्य संपलं किंवा गोळ्या आल्या नाहीत, तर मशीनने काढलेली यादी नुसती यादीच राहते. निबंधात ही बाजू यायलाच हवी, असं मला वाटतं.

आता चाळणीचं गणित. वर्गात नक्की करून घ्या (आकडे समजण्यापुरते धरले आहेत). 1000 लोकांत 10 रुग्ण आहेत. मशीनने त्यांतले 9 पकडले आणि 990 निरोगी माणसांपैकी 10 टक्क्यांवर, म्हणजे 99 जणांवर उगाच संशय घेतला. थुंकी तपासायची 108 जणांची, खरे रुग्ण त्यात फक्त 9! एक निसटलाच. मग कटऑफ खाली आणू या, जसे आपण पासिंगचे गुण कमी करतो तसे. समजा, आता 10 पैकी 10 सापडले, पण निरोगी अडकले 198. तपासण्या झाल्या 208.

तालुक्याच्या प्रयोगशाळेत दिवसाला 20 च तपासण्या होतात. पहिल्या कटऑफला साडेपाच दिवस लागतील, दुसऱ्याला साडेदहा. तोवर रुग्ण घरातच, घरच्यांना लागण होण्याचा धोका आहेच. कोणता कटऑफ घ्यायचा? मुलांचे दोन गट करा आणि त्यांना यावर मनसोक्त भांडू द्या.