दूरच्या मैत्रिणीशी हातांनी बोलणे



मागच्या पालक सभेत एका वडिलांनी विचारले, "सर, शनिवारी संगणक कक्षात मुलीला व्हिडिओ कॉल करू देता, हा अभ्यास आहे की खेळ?" प्रश्न योग्य होता, पण उत्तर दोन मिनिटांत देता आले नाही, म्हणून इथे लिहितो. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, भाषेत काही चुकल्यास मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे.)

आपल्या सहावीत एक कर्णबधिर मुलगी आहे. शाळेत तिच्यासारखे दुसरे कोणी नाही. घरी मराठी, गल्लीत हिंदी. दोन्ही तिला ओठांवरून थोडी थोडी समजतात. कोरोनाच्या काळात सर्वांच्या तोंडाला मास्क आला तेव्हा तेही बंद झाले. खुणांची भाषा ती सुट्टीत इंदूरला नातेवाइकांकडे राहून शिकली. तिच्या मैत्रिणी तिथेच आहेत. देवासहून इंदूर फार दूर नाही, पण रोज थोडेच जाता येते?

टेलिफोनचे पेटंट १८७६ साली ज्या ग्रॅहम बेल यांना मिळाले, ते कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला नीट ऐकू येत नव्हते आणि पत्नी तर लहानपणापासून बहिरी होती. म्हणजे त्यांच्या घरातच टेलिफोनचा उपयोग नसलेली माणसे होती! १९६४ साली अमेरिकेत वाइटब्रेख्ट या कर्णबधिर शास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलिखित मजकूर पाठवण्याची सोय केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात चित्र दाखवणारा फोनही मांडला गेला, पण तो इतका महाग होता की चालला नाही. ते काम पुढे साध्या मोबाईलने केले.

मात्र नुसता मोबाईल पुरत नाही. खुणा म्हणजे हालचाल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सांगितले आहे की खुणांचे संभाषण चांगले व्हायचे तर सेकंदाला निदान २० चित्रे हवीत. १२ च्या खाली समजणे अवघड जाते. आपल्याला आवाज तुटला तर राग येतो, यांचा हातच मध्ये अडकतो. पाहणाऱ्याची नजर बहुतेक वेळ समोरच्याच्या चेहऱ्यावर असते, कारण प्रश्न आहे की नकार हे भुवया आणि मान सांगतात. म्हणून उजेड समोरून हवा, मागची भिंत साधी हवी. फोन स्टँडवरच ठेवायचा. हातात धरला तर बोलायला एकच हात उरतो. आणखी एक गंमत आम्हाला उशिरा समजली. समूह कॉलमध्ये ज्याचा आवाज येतो त्यालाच पडदा मोठा करून दाखवतो. मुली बोलत होत्या आणि पडद्यावर मोठा दिसत होता खोकणारा शिपाई. आता सर्वांच्या चौकटी सारख्या ठेवतो.

पालकांची खरी भीती वेगळी आहे: खुणा केल्या तर मूल बोलायचे राहील. माझे मत उलट आहे. ज्या मुलाजवळ कोणतीच पूर्ण भाषा नाही, त्याचे नुकसान अधिक. गीताची गोष्ट माळव्यात सर्वांना माहीत आहे. लहानपणी पाकिस्तानात पोहोचलेली ही कर्णबधिर मुलगी २६ ऑक्टोबर २०१५ रोजी भारतात परतली आणि इंदूरला राहिली. आपले गाव कोणते हे तिला सांगता येत नव्हते. स्टेशन, नदी, मंदिर अशा खुणांवरून शोध वर्षानुवर्षे चालला. तिची आई महाराष्ट्रात सापडल्याची बातमी मार्च २०२१ मध्ये आली.

भारतीय सांकेतिक भाषा मराठीही नाही, हिंदीही नाही. गावोगावी काही खुणा बदलतात, पण पुण्याची मुलगी आणि देवासची मुलगी थोड्या वेळात एकमेकींना समजतात. दिल्लीच्या केंद्राने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश तयार केला. तो आम्ही वर्गशिक्षिकांनाही दाखवतो. "उद्या परीक्षा" एवढे तरी त्यांना हाताने सांगता आले पाहिजे.

विश्वस्त मंडळाकडे आम्ही दोन गोष्टी मागितल्या आहेत: इंटरनेटची चांगली लाइन आणि एक स्टँड. सध्या फोन भूगोलाच्या पुस्तकांना टेकवून ठेवतो. मागच्या शनिवारी तो तीनदा पडला, आणि तिकडच्या मुली प्रत्येक वेळी हसल्या. सभेत प्रश्न विचारणारे वडील त्या मुलीचेच. येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता त्यांना कक्षात बसायला बोलावले आहे.