हाताची भाषा, टाळीची साथ

रमजान ईद झाली, की शव्वाल महिन्यात दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन दर्ग्यात अमीर खुसरो यांचा उर्स भरतो. खुसरो १३२५ साली गेले; कव्वाल आजही आपल्या कलेचा वारसा त्यांच्याशी जोडतात.

कव्वालांसमोर कागद नसतो. कोणती ओळ किती वेळा म्हणायची, हेही आधी ठरलेले नसते. तरी आठ-दहा जण एकदम सूर उचलतात आणि एकदम थांबतात. हे जमते कसे?

उत्तर बैठकीत आहे. पुढे मुख्य कव्वाल आणि पेटीवाले. मागे ढोलक किंवा तबला आणि टाळ्या देत साथ करणारे. मागच्यांना त्याचा चेहरा क्वचितच दिसतो. दिसतात हात, मान, खांदे. हात उंचावून तो एकटा शेर आळवू लागला, की बाकीचे दम धरतात. हात खाली आला, की सगळे ओळ उचलतात. भजनात टाळकऱ्यांची पावले एकत्र पडतात, तसे इथे तळहात. नुसरत फतेह अली खाँ यांची चित्रफीत आवाज बंद करून पाहिली, तरी लय कुठे चढते आहे ते कळते.

पण मुख्य कव्वालही कुणाकडे तरी पाहत असतो: श्रोत्यांकडे. कुणी एखाद्या ओळीवर डोलू लागला, कुणाचे डोळे भरून आले, की तीच ओळ पुन्हा. ‘हाल’ आलेला माणूस भानावर येईपर्यंत ओळ बदलायची नाही, हा दंडक. तो उभा राहिला तर महफिलही उभी राहते. सूफी परंपरा सांगते, की १२३५ साली ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी एका फारसी शेरावर भान हरपले आणि त्याच अवस्थेत त्यांनी देह ठेवला. श्रोत्याची मान कशी हलते, हे पाहणे म्हणूनच कव्वालाची जबाबदारी ठरते.

संगीत ऐकावे की नाही, यावर मुस्लिम समाजात जुने मतभेद आहेत. सूफींनीही ‘समा’ला, म्हणजे अशा श्रवणाला, तीन अटी घातल्या: जमान, मकान, इख्वान. योग्य वेळ, योग्य जागा, योग्य सोबती. पहिल्या दोन अटी घड्याळ आणि दर्गा पाळू शकतात. तिसरी मात्र शेजारी बसलेल्या माणसाकडे लक्ष दिल्याशिवाय पुरी होत नाही. इफ्तारच्या दस्तरख्वानावर शेजाऱ्यापुढे आधी खजूर सरकवणाऱ्याला ती वेगळी शिकवावी लागत नाही.