पाळीव पोपटांचे घरातील उड्डाण

घरात पाळलेल्या पोपटाने बंद खोलीत उडणे व सुरक्षितपणे उतरणे शिकणे, यास घरातील उड्डाण म्हणतात. बजरीगर, कॉकटील हे मूळचे ऑस्ट्रेलियातील पोपट त्यासाठी परिचित आहेत. पिल्लांना उडण्यापेक्षा उतरणे अधिक कठीण जाते.

उतरण्याची क्रिया
उतरताना पक्षी अंग उभे करतो, शेपटी पसरून वेग कमी करतो आणि पाय पुढे काढून दांडी पकडतो. हे कौशल्य सरावानेच येते. उडू लागण्याच्या वयातच पंख छाटल्यास हा सराव राहून जातो. पुढे नवी पिसे येऊन पक्षी उडू लागला, तरी तो भिंतीवर आदळण्याचा धोका असतो.

प्रशिक्षण व दक्षता
प्रारंभी दांडी व हात यांत एका पावलाचे अंतर ठेवतात. पक्षी हातावर येताच आवडीचे दाणे देतात व अंतर हळूहळू वाढवतात. उंचावरून खाली उतरणे नंतर शिकवतात. तत्पूर्वी छताचा पंखा, शेगडी व खिडक्या बंद करणे, काचा व आरसे झाकणे आवश्यक असते.

कायदा
भारतातील देशी पोपटांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून ते पकडणे व पाळणे गुन्हा आहे.